सोळावं लागलं की

"दात दाव की," तो म्हणाला.

मी उभी होते. अनाथाश्रमाच्या कचेरीत, भर दुपारी, नवं लुगडं नेसवलेली. समोर खुर्चीत मोहोळकडचा बिजवर. पन्नाशीचा. घरी मेंढरं, मेलेल्या बायकोची तीन पोरं. सोळावं लागलं की आमच्या सोलापूरच्या आश्रमात मुलीला अशीच दाखवायला काढत. एक गेली की एक जागा रिकामी.

मी तोंड उघडलं. उघडलं मी! त्याचीच लाज अजून जात नाही.

त्यानं दंड दाबून बघितला. "लई बारीक हाय. मेंढरामागं टिकंल का?"

"टिकेल," व्यवस्थापक म्हणाले. "चाळीस जणींचा स्वयंपाक ओढते. आणि माहेरची कटकट नाही. हिच्या बाजूनं भांडायला येणार कोण?"

ते हसले. तो माणूस हसला नाही. माझ्याकडं बघत म्हणाला, "पर तिला पसंत हाय का? इचारा की."

"तिला काय विचारायचं? आम्ही वाढवलंय तिला."

दात बघणाऱ्या त्या अडाणी माणसाला जे सुचलं, ते या शिकलेल्या माणसाला सुचलं नाही. आत्ता गप्प बसले तर जन्मभर गप्प.

"मला विचारा," मी म्हणाले. आवाज फाटला. परत म्हणाले, "मला विचारा. मला जायचं नाही."

तासाभरात मी फाटकाबाहेर. नवं लुगडं उतरवून घेतलं, जुनं अंगावर दिलं. "खाल्ल्या अन्नाला जागली नाहीस," एवढं बोलून व्यवस्थापकांनी फाटक लावलं.

तीन वर्षांची असताना आत आले होते. बाहेरचं मला काही माहीत नव्हतं. नवी पेठेतून गेले होते, पण रांगेत, मान खाली घालून. आता पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही. पाय कुठं टाकायचा? गिरणी सुटली होती. बायांचा घोळका चालला होता, त्याच्यामागं लागले. दुसरं चालणंच येत नव्हतं.

एकेक बाई आपापल्या गल्लीत वळली. शेवटी एकच उरली. ती थांबली.

"कुटं चाललीस ग?"

"माहीत नाही."

ती नरसम्मा. विणकराची विधवा, घरात तेलुगू बोलणारी. तिनं जात विचारली नाही. "चल. पैले जेव," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं मला गिरणीत नेलं. कारकुनानं पेन उचललं. "बापाचं नाव?"

"माहीत नाही."

"नवऱ्याचं?"

"नाही."

"मग तू कुणाची?" मागच्या रांगेत खसखस पिकली.

नरसम्मा पुढं झाली. "माझी लिव की. लिवता येतंय न्हवं?"

त्यानं लिहिलं.

गिरणीचं काम महिन्यात आलं. जगणं यायला लई वेळ लागला. चाळीस जणींचा भात येत होता, दोघींचा येईना. भाजीवाली भाव सांगायची, मी मान हलवायची. दारावर कुणी आलं की उठून हात जोडून उभी राहायची. नरसम्मा ओरडायची, "बस खाली! घर तुझं हाय." आश्रमानं मला प्रार्थना शिकवली, भरतकाम शिकवलं. 'नको' म्हणायला शिकवलं नाही. आणि दाराबाहेर ढकलून म्हणे, मुलगी मार्गी लावली.

नंतर माझ्यासारख्याच 'नाही' म्हणून आणखी दोघी बाहेर पडल्या. त्यांना मी फाटकापाशीच गाठलं. एक माझ्याशेजारी कामाला लागली. दुसरीला लग्नच करायचं होतं. मोडनिंबचा मुलगा तिनं स्वतः बघितला, चार प्रश्न विचारले, हो म्हणाली. तेही मला पटलं. तिला विचारलं होतं.

आता व्यवस्थापकांचा निरोप आलाय: फाटकाजवळ दिसलीस तर पोलिसात देऊ. पोरी बिघडवतेस.

आतून कळलंय, येत्या अमावास्येनंतर आश्रमातल्या चंद्रीला दाखवायला काढणार आहेत. ती तोतरी बोलते. तिला 'नाही' म्हणायला वेळ लागेल, आणि तेवढा वेळ ते देणार नाहीत.

मी जाणार. फाटकापाशी नाही, थेट कचेरीत. चंद्रीच्या शेजारी उभी राहीन आणि तिचं बोलणं पुरं होईपर्यंत कुणाला तोंड उघडू देणार नाही. पोलीस आले तर येऊ देत. त्यांच्यासमोरही तिलाच विचारायला लावीन.