उशाशी मासे

जन्मभर लोकांच्या घरी दिवे बसवणाऱ्या वायरमन आजोबांना अंधाराची भीती वाटायची. ‘नाती घाबरतात’ म्हणून ते बाथरूमचा दिवा रात्रभर चालू ठेवत. परवा दोघी नाती म्हणाल्या, “आम्ही मोठ्या झालो, आता बंद करा.” आजोबा बटणापाशीच घुटमळले.

आज नातींनी पावडरीच्या डब्यात पाणी भरून बर्फ केला, म्हणजे पत्रा चेपणार नाही, आणि खिळ्याने माशांची नक्षी पाडली. बर्फ काढून आजोबांनी आत सेलवरचा बल्ब बसवला आणि सवयीने त्यालाही टेस्टर लावला. नाती खो खो हसल्या.

“दात काय काढता? कुणासाठी हा?” आजोबा खेकसले.

“तुमच्या उशाशी ठेवायला. आम्हाला केव्हाच कळलंय.”

“चोंबड्या कुठल्या!” आजोबांना मात्र एकदम हायसं वाटलं. “आजीला सांगू नका.”

“डबा तिनेच तर रिकामा करून दिला!”