आषाढातली पापलेटं

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. एखाद्या खुन्याचीही कधी कीव आली. पण अपघातात पडलेल्या माणसाच्या उशाशी बसून त्याला ‘सल्ला’ देणाऱ्यांची कीव मला कधी आली नाही, आणि या वयात येईल असं वाटतही नाही.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी अंधेरीला फौजदार होतो. वर्सोव्याकडे जाणारा रस्ता तेव्हा अरुंद होता, बाजूला खाजणाची दलदल, आणि मोटारी थोड्याच. ऐन आषाढात त्या रस्त्यावर एका मोटारीने वर्सोव्याच्या कोळणीला उडवलं. आमचा हवालदार जागेवर पोचेपर्यंत पावसाने चाकांच्या खुणा धुऊन नेल्या होत्या. पंचनाम्यात आलं ते एवढंच, फुटलेली काच आणि चेपलेली रिकामी पाटी. बाईचा पाय गुडघ्याखाली चिरडला होता. मोटार खुद्द मालकच चालवत होता. मोठ्या कचेरीतला साहेब. बाई धावत आडवी आली, असा जबाब देऊन तो घरी गेला.

दुसऱ्याच दिवशी एक साक्षीदार ठाण्यात आला. आपण होऊन. इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. अपघाताचा साक्षीदार आपल्या पायाने ठाण्यात येत नसतो, त्याला घरातून ओढून आणावं लागतं. हा मात्र भांग पाडून, इस्त्रीचा सदरा घालून हजर. त्याला बाकावर बसवून ठेवलं, तेवढ्यात इस्पितळातून नर्सबाईंचा फोन आला. त्या म्हणाल्या, “तुमच्या त्या कोळणीचा पाय कापावा लागला. ती अजून शुद्धीवर नाही. पण तिच्या अंगठ्याला शाई लागलीय. हे तुमच्या लोकांनी केलं का?”

आमच्या लोकांनी केलं नव्हतं. मी तसाच इस्पितळात गेलो. खाटेजवळ तिचा भाऊ बसला होता, घाबरून अर्धा झालेला. काळ्या कोटातला एक वकील येऊन गेल्याचं त्याने सांगितलं. बहिणीची चूक कबूल केलीत तर साहेब इस्पितळाचा खर्च देतील, नाहीतर पोलीस तिलाच आत टाकतील, असा त्या वकिलाचा सल्ला होता. भावाला वाचता येत नव्हतं. बहीण गुंगीत असताना तिचा अंगठा त्याने स्वतःच्या हाताने कागदावर टेकवला होता. पाय गेल्याचं तिला ठाऊक व्हायच्या आधी तिचा हक्कही गेला होता.

ठाण्यात परतलो तेव्हा त्या साक्षीदाराला गचांडी धरून उभं करावंसं वाटलं. पण चौकशीत राग दाखवला की समोरचा सावध होतो. साक्षीदाराला चहा पाजला आणि म्हटलं, सांगा सावकाश. तो रंगात आला. बाईच्या डोक्यावर मासळीची जड पाटी होती, बाजार गाठायच्या घाईत तिने वर पाहिलंच नाही, असं त्याने घडाघडा सांगितलं. कसली मासळी, असं मी सहज विचारलं.

“पापलेटं, साहेब. ताजी फडफडीत. सगळ्या रस्त्यावर पसरली होती.”

मी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं, वाचून दाखवलं, खाली त्याची सही घेतली. मग दौत बाजूला सारली. माझं लहानपण मालवणच्या किनाऱ्यावर गेलं. आषाढात होड्या वाळूवर ओढून शाकारून ठेवलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडल्याशिवाय कोळी समुद्रात होडी घालत नाही. “ही पापलेटं तिने आणली कुठून,” मी विचारलं, “विहिरीतून?”

त्याला आधी कळेना. मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा चहा सदऱ्यावर सांडला. “मला जे पढवलं ते बोललो, साहेब. मी घाटावरचा, मला काय ठाऊक मासळीचं?”

पढवणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तो वकील नव्हताच, वकिलीच्या परीक्षेत नापास झालेला पार्ल्याचा एक शाकाहारी गृहस्थ होता. जन्मात मासळी बाजाराची पायरी न चढलेला. कोळीण म्हटली की डोक्यावर पापलेटं, इतकीच त्याची अक्कल. त्याला आणून समोर उभा केला तर हा पठ्ठ्या शांतपणे मला विचारतो, “मी फक्त सल्ला दिला. सल्ला देणं गुन्हा आहे का?” त्या क्षणी मी हात खिशात घातले, कारण ते बाहेर राहिले असते तर माझी नोकरी गेली असती.

बाई शुद्धीवर आल्यावर मी तिचा जबाब घेतला. तिच्या पाटीत सुके बोंबील होते, तेही पावसात वाहून गेलेले. गोणपाट पांघरून ती रस्त्याच्या कडेला विकायला बसली होती. “मी रस्त्यान गेलीच नाय, सायब. रस्ताच माझे अंगावर आला.”

हे सगळं मोटारवाल्या साहेबापुढे ठेवलं तेव्हा तो ढासळला. खटला झाला तर अब्रू जाईल, म्हणून त्याने त्या काळ्या कोटाला गाठलं होतं. आणि गंमत पाहा, त्याच्या मोटारीचा विमा होता! रस्त्यावरच्या माणसाला इजा झाली तर भरपाई मिळावी म्हणूनच कायद्याने तो सक्तीचा केलेला. बाईची भरपाई विमा कंपनीने द्यायची, याच्या खिशाला तोशीस नव्हती. स्वतःच्या नावाला डाग नको म्हणून हा शिकलेला माणूस एका पाय गेलेल्या बाईला तिच्याच अपघाताची गुन्हेगार ठरवायला निघाला होता.

त्याला शिक्षा झाली, खोट्या साक्षीदारालाही झाली. काळा कोट मात्र थोडक्यात सुटला आणि पुढे दुसऱ्या इस्पितळाच्या फाटकाशी मला दिसला. त्याने मला नमस्कारही केला.

तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत आलो. अपघात झाला तर आधी मोटारीचा नंबर घ्या, ठाण्यात वर्दी द्या. मालक कोण, विमा कुठला, हे तुम्ही विचारलंत तर ठाण्याने सांगायलाच हवं, तो उपकार नव्हे. जखमी माणूस सावध होईपर्यंत कुणाच्याही कागदाला हात लावू नका. आणि इस्पितळात न बोलावता आलेल्या वकिलाला आधी त्याची सनद विचारा. लोक मान डोलावतात आणि विसरतात.

ती बाई विसरली नाही. दिवाणी दाव्यात तो अंगठ्याचा कागद रद्द झाला आणि भरपाई मंजूर झाली. ती घ्यायला ती कुबडीवर कोर्टाच्या कचेरीत आली, तेव्हा मीही तिथे होतो. कारकुनाने पावती पुढे सरकवली आणि सवयीने तिचा हात धरून शाईकडे नेला. तिने हात हिसडून घेतला आणि अंगठा मुठीत घट्ट दाबून धरला.

“पयले वाच,” ती म्हणाली. “मोठ्यान वाच, सगल्यांना ऐकू जाल असा.”

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. त्याने घसा खाकरला आणि पावती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. मगच तिने मूठ उघडली.