बंद होता की बंद केला

आमच्या शेजारचे बॉयलरकाका एका मोठ्या लाँड्रीत तीस वर्षं बॉयलर सांभाळतात. कुणाचं काहीही अडलं की त्यांचं ठरलेलं वाक्य, ''मी आहे ना!'' माझा नळ गळतोय म्हटल्यावरही तेच. काकू म्हणतात, ''आहात हो, पण करणार कधी?''

मंगळवारी लाँड्रीत वाफेचा पाइप फुटला. मॅनेजरने लगेच वर कळवलं : व्हॉल्व्ह आधीपासूनच बंद होता, म्हणून दाब वाढला. म्हणजे चूक काकांची. गुरुवारी सकाळी दहाला चौकशी, जबाब इंग्रजीत. नोकरी टांगणीला.

आदल्या संध्याकाळी मी काकांकडे इस्त्री परत करायला गेले (इस्त्री दुसऱ्या दिवशीही चालली असती, पण कान कुठे थांबतात?). उजव्या तळव्याला पट्टी, त्याच हाताने काका लिहीत होते. शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या सूनबाईंनी कागद ओढला. ''आय वॉज इन बॉयलर रूम. पाइप वॉज हॉट. व्हॉल्व्ह वॉज क्लोज्ड.''

''बाबा, अहो हे तर मॅनेजरच्याच बाजूचं झालं! सगळं नुसतं 'होतं'. केलं कुणी?''

''मीच की. पाइप चाचपला, मग व्हॉल्व्ह बंद केला.''

''मग लिहा, आय फेल्ट द पाइप.''

मी नाक खुपसलं, ''फील म्हणजे वाटणं ना? तेही असण्यातलंच.''

''त्या जागी वॉज घालून बघा, मावशी. पाइप फेल्ट हॉट, पाइप वॉज हॉट. जमतं, म्हणजे ती स्थिती. आता आय फेल्ट द पाइप... आय वॉज द पाइप!''

''तीस वर्षं तेच तर आहेत,'' काकू म्हणाल्या. आम्ही हसलो. काका हसले नाहीत. पेन शेवटच्या ओळीवर अडलं होतं.

''मी केलं, मी केलं... फुशारकी वाटते गं.''

''फुशारकी नाही बाबा, क्रियापद आहे.''

पुढचं काकूंनी मला दोनदा सांगितलं. चौकशीच्या साहेबांनी जबाब वाचला. शेवटची ओळ तशीच राहिली होती, 'व्हॉल्व्ह वॉज क्लोज्ड'. त्यांनी विचारलं, ''व्हॉल्व्ह बंद होता, की बंद केला?'' मॅनेजर खाकरला, ''होता, साहेब.'' काकांनी पट्टी सोडली. तळव्यावर व्हॉल्व्हच्या चाकाची गोल खूण, अजून लालभडक.

''केला,'' काका म्हणाले. ''फुटल्यावर. मी.''

आधीच बंद असता, तर तापलेलं चाक फिरवायची वेळच कशाला आली असती? साहेबांनी मॅनेजरचा कागद बाजूला सारला.

काकांची नोकरी राहिली. काल मी हळूच विचारलं, ''काका, नळ?''

''करतो!''

नळ अजून गळतोय. पण क्रियापद सुधारलंय.