मिंकवाले मामा

कुठल्याही विषयावरून तिसऱ्या वाक्याला मिंकवर येऊ शकणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मिंक म्हणजे मुंगसाच्या अंगलटीचा, पाणमांजराच्या भाऊबंदांतला, थंड मुलखातला एक प्राणी. त्याच्या कातड्याचे महागडे कोट होतात, आणि त्यासाठी त्याला पिंजऱ्यात वाढवतात. लग्नाआधी मला हे ठाऊक नव्हतं आणि माझं काही अडलंही नव्हतं. मामा परळला जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकले, तेव्हा त्यांच्या गिरणीकामगार वडिलांना वाटलं, पोरगा म्हशी तपासेल. पोरगा गेला डेन्मार्कला, मिंकच्या फार्मवर, आणि डोकं पांढरं होईस्तोवर तिथंच राहिला. मामी सासूसासऱ्यांचं करत लोअर परळला राहिल्या. मार्चमध्ये मिंकच्या जोड्या लावायच्या, म्हणून मामांचा शिमगा बुडायचा. नोव्हेंबरात कातडी काढायची, म्हणून दिवाळी बुडायची. गणपतीच्या सुमाराला मिंकना हिवाळ्याची लव फुटत असते, तेव्हा त्यांना रजा मिळायची. मामी म्हणायच्या, "माझो संसार त्या जनावरांच्या पंचांगावर चल्लो."

कोरोनानंतर मामा कायमचे परत आले आणि आमच्या घरातली कार्यं धोक्यात आली. मेहुणीच्या साखरपुड्यात ते नवऱ्या मुलाच्या शेजारी बसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "मिंकची मादी आधी नराला फाडून काढते. मग तो तिची मानगूट दातांत धरतो आणि तासन् तास सोडत नाही. आणि हे सगळं झाल्याशिवाय तिच्या पोटात बीज सुटतच नाही, बोला!" व्याही अर्धा पेढा तोंडात ठेवून थांबले. पुढे त्याच मेहुणीच्या डोहाळेजेवणात कोणीतरी तारीख विचारली, तर मामांचं सुरू, "मिंकमध्ये गर्भ राहिला तरी लगेच रुजत नाही. नुसता तरंगत राहतो. बाहेर दिवस मोठा व्हायला लागला की मग रुजतो. त्यामुळे तारखेचं काही खरं नसतं." मऊ केसांचं काहीही दिसलं की त्यावर फुंकर मारायची, ही दुसरी खोड. फुंकर मारली की वरचे केस दुभंगतात आणि खालची लव दिसते, तिच्यावरून मालाची प्रत ठरते. माझ्या आईची शाल, सोसायटीची मांजर, कोणी सुटलं नाही. एकदा माझ्या डोक्यावर फुंकर मारून ते म्हणाले, "जावईबापू, वरचे राठ केस शिल्लक आहेत, लव गेली. हा माल आमच्याकडे बाजूला काढायचे."

आम्ही हसायचो. मामा मात्र स्वतः कधी हसत नसत.

परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी घराच्या खिडक्यांचं ग्रिल कापून काढलं. बाल्कनीला कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळीही काढली. जाळीच्या आत त्यांना झोप लागत नसे. मिंक हा पाण्यात पोहणारा, एकटा राहणारा प्राणी. फार्मवर त्याला हातभर तारेच्या पिंजऱ्यात ठेवलेलं असायचं. तो तिथल्या तिथे गोल फिरायचा, स्वतःची शेपटी कुरतडायचा. खाणं म्हणजे मासळीच्या टाकाऊ भागांचा लगदा, तो पिंजऱ्याच्या छपरावर थापायचा आणि त्याने खालून तारेतून चाटायचा. हे मामांनी वर्षानुवर्षं पाहिलं आणि निभावलं. पण कोरोनाचा आजार माणसांकडून मिंकना लागला, मग त्यांच्यात पसरला, आणि तिथल्या सरकारचा हुकूम आला की निरोगी-आजारी न बघता सगळेच मारा. पेटीत घालायचे, वायू सोडायचा, पुढची पेटी. पुरले, तर फुगून जमिनीतून वर आले. "दर वर्षी मारायचो," मामा एकदाच म्हणाले, "पण कोणाच्या तरी अंगावर ऊब जायची. या वेळी नुसतं मारलं. आणि खोकला आपला होता."

मोकळ्या बाल्कनीत कबुतरांनी घर केलं. मामी खोकू लागल्या. आजार पहिल्यांदा मामांनीच ओळखला. मिंकचं खाणं तारेवर उरलं की तो आजारी समजायचा, आणि मामींच्या पानात भात उरायला लागला होता. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं, कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसं घट्ट होत चालली आहेत, आजच्या आज जाळी लावा.

मामांनी जाळी सोडून सगळं केलं. थाळी बडवली, प्लास्टिकची घार टांगली, तोंडाला फडकं बांधून रोज बाल्कनी धुतली. शेजारचे म्हणाले, म्हाताऱ्याने कबुतरांशी युद्ध पुकारलंय. दोनदा जाळीवाला मापं घेऊन गेला आणि दोन्ही वेळा मामांनी त्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. माझी बायको चिडून मामींना म्हणाली, "तू का नाही सांगत गं मामाला? जीव तुझा जातोय!" मामी धाप खात म्हणाल्या, "जाळी लागली तर तेंका झोप नाय येवची. इतक्या वर्सांनी माणूस घरात झोपतासा, झोपांदेत."

घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं, त्या दिवशी मामांनी स्वतः जाळीवाल्याला बोलावून आणलं. तो खिळे ठोकत होता तेव्हा ते बाहेर लिफ्टजवळ उभे होते, घामाने निथळत. काम झालं तरी आत येईनात. लिफ्टजवळच खुर्ची टाकून बसले, आणि दाराच्या फटीतून मामींशी बोलू लागले. मला त्या माणसाचा राग आला आणि दयाही आली. संध्याकाळी मामींनी आतून हाक मारली, "अहो, येतास मा?" मामा उठले, आत गेले, आणि त्यांनी दाराला आतून कडी लावली.

मामी त्यानंतर गणपतीपर्यंत होत्या. तेवढे दिवस मामा त्यांच्या उशाशी बसून राहिले. भात मऊ कालवून भरवायचे, आणि मिंकचं नावही काढायचे नाहीत. झोपत होते की नाही, हे मामींनाच ठाऊक.

तेरावं झाल्यावर मी भीत भीत म्हटलं, "मामा, जाळीवाल्याला बोलावू का? काढून टाकू. आता कशाला ती?"

मामा बाल्कनीच्या दाराशी बसले होते. डोळे जागरणाने लाल झाले होते.

"नको जावईबापू," ते म्हणाले. "तिला हवी होती तेव्हा लावली नाही. आता मला नको म्हणून काढू?"