दादाचं ब्लडप्रेशर

२२ एप्रिल २०२१. आमच्या शहरातल्या फ्रीगंज भागातल्या एका खासगी दवाखान्यात ऐंशी हजार रुपये अनामत भरली. हजर मी, वहिनी आणि काउंटरवरचा माणूस. दादाला, माझ्या मोठ्या भावाला, तोवर स्ट्रेचरवरून आत नेलं होतं.

सुरुवातीला त्याचा फोन यायचा. कोरोनात रक्ताच्या गुठळ्या होऊन फुप्फुसात अडकतात, म्हणून रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन त्याला रोज पोटात देत होते. "जागा शोधावी लागत नाही," तो म्हणाला, "तुझ्या वहिनीनं पोहे-जलेबी खिलवून मैदान तयार ठेवलंय."

मग व्हेंटिलेटर लागला आणि फोन थांबला. पुढे रक्तात जंतुसंसर्ग पसरला, ब्लडप्रेशर कोसळलं. डॉक्टर त्याला सेप्टिक शॉक म्हणाले. प्रेशर वाढवायचं औषध पंपानं सुरू केलं. रोज संध्याकाळी डॉक्टर खाली येऊन आकडा सांगत, मी तो वहिनीला फोनवर सांगे.

"भाऊजी, आज किती?"

"एकशे दहा."

"काल नव्वद होतं. म्हणजे सुधारतंय. उद्या मुगाची खिचडी पाठवू का?"

"नळीतून देतात, वहिनी."

"मग पातळ करते."

दुसऱ्या दिवशी मीच डॉक्टरांना म्हटलं, "सर, बीपी तो अब बढ़िया है."

"अंकल, वो नंबर दवाई का है, उनका नहीं. डोज़ रोज़ बढ़ा रहे हैं. कम करते ही गिर जाता है."

त्याच औषधानं बोटांचा रक्तपुरवठा आवळला जात होता. बोटं काळी पडली होती. त्यात गुठळ्यांची भीती होतीच, पण सकाळपासून नाकातोंडातून रक्त येऊ लागल्यानं पातळ करायचं इंजेक्शन बंद करावं लागलं होतं. लघवीही थांबली होती. मी रोज आकडा विचारत होतो. डोस विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

"आज किती?" वहिनीनं विचारलं.

"एकशे बारा. पण ते औषधामुळे आहे, वहिनी. दादाचं स्वतःचं नाही."



"औषधाचं का असेना," ती म्हणाली, "आहे ना?"

मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी औषध पूर्ण जोरात चालू असतानाच प्रेशर उतरत गेलं, आणि दादा गेला.

अनामत वजा जाता दवाखान्याला दोन लाख चौदा हजार भरले, ते मी दिले. शववाहिनीच्या ड्रायव्हरनं चार हजार मागितले. मी पाकीट काढलं तेव्हा वहिनीनं माझा हात बाजूला केला आणि ते तिनं स्वतः त्याच्या हातात दिले.