सासरे, हिरड्या आणि कमी पडलेले अनारसे

माझे सासरे देवगाव रंगारीच्या शाळेत मुख्याध्यापक होते आणि निवृत्त होऊन सिडकोत राहायला आले तरी मुख्याध्यापकच राहिले. सासूबाई, पेपरवाला आणि कुकर हे त्यांचे उरलेले विद्यार्थी. सत्तरी ओलांडली तरी तोंडातले सगळे दात शाबूत होते, आणि हे नशिबाचं नसून चारित्र्याचं लक्षण आहे असं ते मानत. पाहुण्यांना चहाच्या आधी दात दाखवले जात. हुरडा खायला रानात गेलो असताना मी ऊस सोलायला कोयता मागितला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी अजून विसरलेलो नाही. लग्नाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

दातांचं श्रेय मशेरीला होतं. तव्यावर तंबाखू काळीकुट्ट भाजायची, तिची पूड करायची आणि सकाळी बोटानं हिरड्यांवर रगडायची. भाजण्याचा कार्यक्रम गच्चीवर चाले, कारण घरात सगळ्यांना ठसका लागे. शाळेत दरवर्षी व्यसनमुक्तीवर बोलणाऱ्या या माणसाला मशेरीत तंबाखू असते हे माहीत होतं, पण ती ते खात नव्हते, लावत होते. रगडताना रक्त यायचं. त्यावरही त्यांचा सिद्धान्त तयार होता. रक्त आलं म्हणजे घाण निघाली. प्रार्थनेनंतर रांगेत उभ्या असलेल्या कित्येक वर्गांना त्यांनी तो ऐकवला होता.

अडचण गुडघ्याची होती. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं अध्यक्षपद दरवर्षी त्यांच्याकडेच येई. गेल्या खेपेला व्यासपीठाच्या पायऱ्या चढवेनात, म्हणून चार माजी विद्यार्थ्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर ठेवलं. हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं समजून लेझीमपथकानं ढोल वाजवला आणि लोकांनी टाळ्या दिल्या. सासरे घरी आले ते गुडघा बदलायचा निश्चय करूनच. पुढच्या संमेलनाला आपल्या पायांनी वर चढायचं.

पण शुगर उतरेना. गुडघ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की तीन महिन्यांची शुगर खाली आल्याशिवाय ते चाकूला हात लावणार नाहीत. गोळ्या वाढवल्या, भात बंद केला, चहा फिका झाला. सासऱ्यांबरोबर अख्ख्या घराचं गोड बंद झालं. आकडा तिथंच. घरातल्या सगळ्यांनी यातून एकच अर्थ काढला की म्हातारा चोरून खातोय.

त्या वर्षी अधिक महिना होता. अधिकात जावयाला अनारशांचं वाण देतात, तेहतीस नग, तबकात दिवा लावून. माझ्यासारख्या माणसाला तबकापुढं पाटावर बसवून ओवाळलं की हसावं की गंभीर राहावं हे कळत नाही, म्हणून मी अनारसे मोजत बसलो. माझ्या आधी सासूबाईंनी मोजले होते. ते कमी भरत होते. उरलेली भर बत्ताशांनी घातली होती, आणि सगळं घर सासऱ्यांकडे पाहत होतं.

"मी नाय खाल्ले," ते म्हणाले.

मुख्याध्यापकाला खोटं पकडायची सवय असते, पण आपलं खरं कसं पटवायचं याचा सराव नसतो. दुसऱ्या दिवशी फडताळाला प्रवासी बॅगेचं छोटं कुलूप लागलं. किल्ली सासूबाईंच्या मंगळसूत्राला. सासऱ्यांनी त्या दिवसापासून स्वयंपाकघरात पाऊल टाकणं सोडलं. पाणीसुद्धा मागून पिऊ लागले.

गुडघ्याच्या डॉक्टरांची आणखी एक अट होती, शस्त्रक्रियेआधी दात तपासून आणायचे. सासऱ्यांना ही औपचारिकता वाटली. तिथं आपलं कौतुक होणार या खात्रीनं ते इस्त्रीचा सदरा घालून निघाले, आणि साक्षीदार म्हणून मला बरोबर घेतलं.

दातांची डॉक्टर तिशीची मुलगी होती. तिनं बारीक सळईनं एकेका दाताजवळ हिरडीची खोली मोजली आणि मदतनीस बाईला आकडे सांगत गेली. पाच, सहा, पाच, सात. सात ऐकून सासऱ्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. दहापैकी असावेत असा त्यांचा समज झाला होता. निरोगी हिरडीत हा आकडा तीनच्या पुढं जात नाही, असं तिनं सांगितलं तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले. दात किडलेला एकही नव्हता, पण ज्यात दात उभे होते ते हाड खाली सरकलं होतं. दोन दाढा हलत होत्या.

रक्ताचा सिद्धान्त तिनं शांतपणे ऐकून घेतला.

"सर, हाताला तळव्याएवढी जखम असती आणि तिच्यातून रोज रक्त आलं असतं, तर तुम्ही घाण निघाली म्हणाला असता का?"

पुढचं तिनं कागदावर गोल काढून समजावलं. हिरड्यांची सूज अशी वर्षानुवर्षं राहिली की शुगर आटोक्यात यायला अडचण येते, आणि शुगर वाढलेली असली की हिरड्या आणखी सडतात. तिथले जंतू रक्तात उतरतात, आणि नव्या गुडघ्याला ते नको असतात. सगळा दोष हिरड्यांचाच आहे असं तिनं म्हटलं नाही. पण मशेरी आजपासून बंद, हे म्हटलं.

सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे गोड न खाता पण शुगर चढलेली राहू शकते?"

"राहू शकते."

ते माझ्याकडे वळले. "जावईबापू, ऐकलं ना? घरी सांगाल."

दाढा गेल्या, हिरड्या खोलवर साफ झाल्या, गच्चीवरचा तवा भंगारात गेला. मऊ ब्रशनं हळूहळू दात घासणारे सासरे बघणं थोडं केविलवाणं होतं. सकाळी काहीतरी रगडल्याशिवाय त्यांना दिवस उगवल्यासारखा वाटत नसे. दिवाळीत पुन्हा तपासणी झाली. शुगर उतरली होती. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली.

त्या दुपारी फराळाचं ताट मध्ये ठेवून सगळे बसले होते. सासूबाईंनी आपण होऊन कुलूप काढलं आणि एक अनारसा सासऱ्यांपुढं धरला. "घ्या. अर्धा खा."

"नको. मी खात नव्हतो हे आज सिद्ध झालंय. आता खाल्ला तर लोक म्हणतील, बघा."

सासूबाईंनी तो अनारसा बशीत ठेवला. मग खसखस बोटानं गोळा करत म्हणाल्या, "अधिकातले मी खाल्ले होते."

"तुमच्यापायी घरात गोडाचा कण नव्हता. मला कुठं शुगर आहे? रात्रीच तळले, गार व्हायच्या आत चार खाल्ले. सकाळी तुमच्यावर आलं. मग बोलायचं राहूनच गेलं."

सासरे त्यांच्याकडे बघत राहिले. वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीनं कॉपी केल्यासारखे. आता शिक्षा सुनावली जाणार असं मला वाटलं. पण त्यांनी विचारलं, "दात घासताना रक्त येतं का तुला?"

"येतं की. लग्न झाल्यापासून येतंय." सासूबाईंनी अनारशाचा तुकडा मोडला. "तुम्हीच म्हणाला होतात ना, घाण निघते म्हणून."

सासऱ्यांनी मला डॉक्टरीणबाईंना फोन लावायला सांगितलं. मग स्वतः उठले, गुडघा धरत धरत कितीतरी महिन्यांनी स्वयंपाकघरात गेले आणि आपल्या हातानं पाणी घेऊन प्यायले.