दोन कम्प्युटर बोलेनात

चहा गार होऊ देऊ नका, किस्सा फार लांबचा नाही. हसायचं असेल तर माझ्यावरच हसा, कारण यात दुसऱ्या कोणाचीही चूक नाही. मी खूप शोधली, सापडली नाही!

लग्न होऊन मी दारव्ह्याला आले, त्या साली कापसाचं सगळंच बिनसलं होतं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, कापसाच्या जिनिंग कारखान्यात वजनकाट्यावर होते. जिनिंग बंद पडलं. मग आमच्या ह्यांनी घराच्या पुढच्या खोलीत कम्प्युटर क्लास काढला. सुरुवातीला एक जुना कम्प्युटर, मग दिवाळीत एक नवाकोरा.

मी यवतमाळला कम्प्युटरचा डिप्लोमा केलेला. पण क्लासमधलं माझं काम काय? चहा नेऊन देणं! कप घेऊन दाराशी उभी राहायचे आणि आतल्यांच्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करायचे. मला सकाळची बायकांची बॅच शिकवायची होती. बोलले होते का कुणाला? छे! नव्या सुनेने असं बोलायचं असतं होय?

नव्या कम्प्युटरमध्ये कोणती ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची यावर एकदा बैठक बसली. ह्यांचा एक मित्र म्हणाला, ‘‘माह्याजवळ कॉपी केलेली सीडी आहे, टाकून देऊ.’’

मी दारातून म्हणाले, ‘‘लिनक्स टाका. फुकट असतं आणि चोरीचंही नसतं.’’

त्या घरातलं माझं पहिलं लांबलचक वाक्य ते. सगळे असे वळले, जणू भिंतीतलं फडताळ बोललं!

मामाजींनी विचारलं, ‘‘तुले येते काय थे?’’

‘‘येतं.’’

‘‘मंग असं कर. हे दोन्ही डब्बे एकमेकासंग बोलले पाह्यजे. इकडची फाईल तिकडं दिसली पाह्यजे. दिसली, त सकायची बायाची बॅच तुही!’’

मी तर बॅचचं नावही काढलं नव्हतं. काट्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला न बोललेल्याचंही वजन कळत असावं.

मासिकासोबत आलेल्या सीडीवरून मी नव्या कम्प्युटरवर लिनक्स टाकलं. झकास चाललं! मग दोन्ही कम्प्युटरमध्ये वायर जोडली आणि... काही नाही. दोघं शेजारी बसलेले, पण भांडण झालेल्या जावांसारखे गप्प.

मी लगेच निदान सांगितलं. ‘‘नव्याच्या आतलं लॅन कार्ड, म्हणजे वायर लागते ते, जुळत नाही. लिनक्सला प्रत्येक चिप चालत नाही. ओळखीचीच चिप लागते.’’

आता हे अगदीच खोटं नव्हतं हो! त्या काळी अशी आडमुठी कार्डं असायचीच. मासिकात चालणाऱ्या कार्डांची यादी आली होती, मी वाचली होती. आणि छापलेलं वाचलं की माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची गरज वाटत नाही.

हे यवतमाळहून यादीतलं कार्ड घेऊन आले. डबा उघडला तर आत चिप दुसरीच! मग शेअर जीपमध्ये बसून मीच गेले. दुकानात म्हणाले, ‘‘डबा नको, उघडून चिप दाखवा.’’

दुकानदार म्हणाला, ‘‘ताई, हे कार्ड आहे. भरताचं वांगं नाई, दाबून पाहून न्याले!’’

पण मी पाहूनच घेतलं. आणलं, बसवलं. मुकंच! मी म्हणाले, ‘‘चिप तीच आहे, आवृत्ती वेगळी दिसते.’’ मग आणखी एक कार्ड आलं. तेही मुकं. ‘‘याचा ड्रायव्हर कच्चा आहे,’’ मी म्हणाले. कारणांचा मला तोटा नव्हता. डिप्लोमा केलेला ना!

आत्याबाई, म्हणजे सासूबाई, गल्लीत अभिमानाने सांगत सुटल्या, ‘‘आमच्या सुनेले साधं कार्ड चालत नाई, माय!’’ बाजारातून जाताना जीपवाला गाडी थांबवून ओरडायचा, ‘‘वहिनी, भेटली का चिप? पांढरकवड्याचा एक ट्रकवाला हैदराबादले जाऊन राह्यला. त्याले सांगू काय?’’

मी ‘सांगा’ म्हणाले. नको म्हणायचं धाडस कुठून आणू? अख्खं दारव्हा माझ्या चिपच्या मागे लागलेलं!

आणि खरंच, हैदराबादहून ट्रकमध्ये बसून कार्ड आलं. मामाजींचा चष्मा भिंगासारखा धरून मी नंबर वाचला. यादीतलाच! अक्षर न् अक्षर जुळत होतं. कार्ड बसवायच्या वेळी खोलीत मामाजी, आत्याबाई, हे, शेजारच्या सुमनकाकू आणि हक्काने आलेला जीपवाला.

बसवलं. सुरू केलं. मुकं.

‘‘आता कायले गप आहे हे?’’ मामाजी म्हणाले. ‘‘अमेरिकेतून आणाचं काय आता?’’

माझी बॅच गेली, एवढंच मला दिसत होतं. डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून मी वायर तपासायच्या निमित्ताने जुन्या कम्प्युटरच्या मागे जाऊन बसले. पहिल्या दिवशी वायर खोचल्यापासून तिकडे मी फिरकलेच नव्हते. तो लिनक्सवाला नव्हता ना, म्हणजे दोष त्याचा असणारच नाही!

वायर दाबली. टक् असा आवाज यायला हवा, तो आला नाही. उलट वायर हातातच आली. केसातला आकडा काढून त्या खाचेत फिरवला, आणि आतून टपकन फरशीवर पडला... तांदळाचा दाणा. पिवळाधमक.

तुम्ही ओळखलंत? मीही ओळखलं. तो माझा सासरचा पहिला दसरा. एरवी काट्याची पूजा व्हायची, त्या वर्षी कम्प्युटरची. आत्याबाईंनी ताट नव्या सुनेच्या हाती दिलं. दुसरी कोणी असती तर पडद्याला बोट लावून मोकळी झाली असती. पण मी शिकलेली! यंत्राचं कुठलंच अंग पूजेवाचून राहू नये म्हणून हाच जुना कम्प्युटर फिरवून मागच्या एकेका खाचेत हळद-कुंकू आणि अक्षता भरल्या होत्या. सगळ्यांनी कौतुकही केलं होतं!

मामाजींनी दाणा उचलला, तळहातावर घेऊन काट्यावरच्या नजरेने पाहिला. ‘‘सूनबाई, हे कोणची चिप व्हय?’’

जीपवाला हसता हसता खालीच बसला. मी वायर लावली. टक्! हिरवा दिवा लागला, इकडची फाईल तिकडे दिसली. मग ह्यांना चेव आला. एकेक जुनं कार्ड काढून बसवून पाहू लागले. सगळी चालली! अगदी पहिल्यापासून. ‘कार्ड सापडलं’ असं तर लिनक्सने प्रत्येक वेळी पडद्यावर लिहिलं होतं. मीच त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

मी मान खाली घालून म्हणाले, ‘‘मामाजी, बॅचचं राहू द्या.’’

‘‘काहून? डब्बे बोलले ना? मंग बात खतम. बॅच तुहीच!’’

त्या रात्री मी किती सुखाने झोपले, काय सांगू!

आणि बॅचचा पहिला दिवस. गल्लीतल्या बायका लुगडी-साड्या सावरून बसल्या. पुढच्या खुर्चीवर साक्षात आत्याबाई. मी घसा साफ करून भारदस्त आवाजात विचारलं, ‘‘कम्प्युटर चालला नाही तर घाबरायचं नाही. सगळ्यात आधी काय करायचं?’’

अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, ‘‘तांदूळ पाहाचा, मॅडम!’’

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी मॅडम म्हणालं. आणि ते हे असं!